दुसऱ्याच्या फजितीचा आनंद मोजायचा कसा? मापनी बनवणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मानसशास्त्राच्या एम.ए. प्रकल्पांत हा विषय आता वरचेवर दिसतो. शाडेनफ्रॉइड म्हणा, आसुरी आनंद म्हणा. दुसऱ्याचं बिघडलं की काहींना मनातून बरं वाटतं, काहींना अजिबात नाही, आणि हा माणसामाणसांतला फरक मोजायचा असतो. बहुतेक जण मोजतात ते असं : इंग्रजी मापनीतली दहा विधानं मराठीत उतरवायची, गुगल फॉर्म बनवायचा, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, बेरीज करायची आणि आत्मसन्मानाशी सहसंबंध काढून मोकळं व्हायचं. आकडे येतात, पण त्यांत तीन भलत्याच गोष्टी मिसळलेल्या असतात : कुणाला कोण आवडत नाही, कुणाला कुणाची फजिती न्याय्य वाटली, आणि कोण फॉर्मवर खरं बोललं. या तिन्ही बाजूला काढल्यावर जे उरतं, तोच तुमचा विषय.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. चौथा टप्पा आधी करून मग पहिल्याकडे वळणारेच जास्त फसतात.

१. नेमकं काय मोजायचं ते कागदावर लिहा

पहिला प्रश्न : क्षणिक भावना मोजायची आहे की स्वभाव? स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये केलेल्या गाजलेल्या प्रयोगात मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्या एका विद्यार्थ्याची मुलाखत दाखवली होती. काहींना तो हेवा वाटावा असा दिसला, काहींना साधारण, आणि मग त्याच्यावर संकट आल्याचं कळवलं. तिथे परिस्थिती बदलून भावना कशी बदलते ते पाहायचं होतं. तुम्हाला परिस्थिती सगळ्यांसाठी सारखी ठेवून माणसं कशी वेगळी वागतात ते पाहायचंय. पुढचे निम्मे निर्णय या एका फरकावरून ठरतात.

आता चार ओळींची व्याख्या लिहा. तिच्यात तीन गोष्टी हव्यातच : दुसऱ्याचं काहीतरी बिघडलं, ते मी बिघडवलेलं नाही, आणि ते पाहून मला सुख वाटलं. मधली अट गाळली की तुम्ही क्रूरपणा मोजायला लागता. असूया हीही वेगळी; ती दुसऱ्याचं चांगलं झाल्यावर खुपते आणि बहुतेक वेळा या आनंदाच्या आधी येते. केळीच्या सालावरून कुणी घसरलं की येणारं हसू वेगळं, आणि छळणाऱ्याला शिक्षा झाल्यावर वाटणारा सुटकेचा निःश्वास त्याहून वेगळा.

वांग, लिलिएनफेल्ड आणि रोशा यांनी २०१९मध्ये या आनंदामागच्या प्रेरणांचे तीन गट मांडले : आक्रमकता, स्पर्धा आणि न्याय. तुमची मापनी तिन्ही धरणार की एकच, ते आत्ताच ठरवा. तिन्ही धरणार असाल तर एकच बेरीज करण्याचा मोह आत्ताच सोडा.

*तपासणी :* व्याख्या विषयाबाहेरच्या माणसाला वाचायला द्या आणि पाच प्रसंग सांगून ‘यात हे आहे का?’ विचारा. पाचपैकी दोनांत त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं तर व्याख्या ढिली आहे.

२. साधन निवडा : विधानं की प्रसंग?

‘मी असा आहे’ धाटणीची विधानं लिहायला सोपी. पण उत्तर देणारा स्वतःबद्दलचं मत सांगतो, आणि या बाबतीत स्वतःबद्दल वाईट मत कुणाचंच नसतं. छोटा प्रसंग वाचायला देऊन ‘आत्ता काय वाटलं?’ विचारलं तर उत्तर प्रतिक्रियेच्या जास्त जवळ जातं. माझं मत स्पष्ट आहे : प्रसंग मुख्य ठेवा, विधानं जोडीला दहा-बारा पुरेत.

प्रयोगशाळेत गालाचा हसण्याचा स्नायू किती आखडतो हेही मोजतात. मीना सिकारा आणि सुसान फिस्क यांनी, ज्यांचा हेवा वाटतो अशा गटातल्या माणसाची फजिती पाहताना हा सूक्ष्म बदल नोंदवला आहे. तुमच्याकडे ती यंत्रं नसतील, हरकत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की हसू गालावर उमटतं तेव्हा ते फॉर्मवर उतरेलच असं नाही.

तयार मापनी वापरणार असाल तर मूळ लेखकाला ईमेल करून परवानगी घ्या, आणि ती भाषांतर सुरू करण्याआधी. भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करावं. तिसऱ्याने, मूळ न बघता, ते परत इंग्रजीत न्यावं. मग तिघांनी एकत्र बसून वाद घालावा. खरं काम या वादातच होतं, आणि नेमका तोच गाळला जातो.

३. लिहिण्याआधी ऐका

पंधरा-वीस जणांशी प्रत्येकी वीस मिनिटं बोला. वय, शिक्षण, शहर-गाव यांत विविधता ठेवा. ‘तुम्हाला दुसऱ्याच्या दुःखात आनंद होतो का?’ असं विचारलंत तर सगळे ‘छे छे’ म्हणतील. त्याऐवजी विचारा : ‘ओळखीतल्या कुणाचा डाव फसला आणि तुम्हाला मनातून जरा बरं वाटलं, असं शेवटचं कधी झालं?’

मग शब्द टिपा. जिरली एकदाची. मस्ती उतरली. आता कळेल. बरं झालं. हसू आवरलं नाही. मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. हे सगळे सारखे नाहीत. ‘जिरली’ आणि ‘मस्ती उतरली’ यांत समोरचा माजलेला होता हा निवाडा आधीच आलेला असतो, ‘आता कळेल’मध्ये धडा शिकवल्याचं समाधान आहे. ‘गुदगुल्या झाल्या’ मात्र निव्वळ सुखाचं आहे. मोजायला असे निवाडा न करणारे शब्द कामाचे. ‘आसुरी’ हा शब्द तर उत्तर देणाऱ्याच्या नजरेलाही पडू देऊ नका. तो वाचल्यावर कोण कबूल करेल?

४. प्रसंग लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी चौकट आखा. समोरचा माणूस आपल्यापेक्षा वरचढ की बरोबरीचा. फजिती त्याच्याच वागण्याने ओढवली की नाहक. नुकसान अब्रूचं की पैशाचं. दोन-दोन पर्यायांच्या तीन बाबी म्हणजे आठ प्रसंग. नातं सगळीकडे एकच ठेवा : ओळखीचा, पण जवळचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन फेदर यांच्या संशोधनाने दाखवलंय की ‘त्याला हे मिळायलाच हवं होतं’ ही भावना आनंदावर मोठा परिणाम करते. म्हणून दुसरी बाब टाळून चालणारच नाही.

एक नमुना पाहा :

‘तुमच्या ऑफिसातला एक सहकारी फार हुशार म्हणून ओळखला जातो. साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये त्याचं उदाहरण देतात. आज बाहेरच्या पाहुण्यांसमोर तो सादरीकरणाला उभा राहिला. तिसऱ्याच स्लाइडवर आकडे चुकलेले निघाले. पाहुण्यांनी विचारलं, त्याला उत्तर देता आलं नाही. साहेब म्हणाले, “बसा.” तो खाली बसला.’

स्वतःहून ओढवलेल्या रूपात ‘तिसऱ्याच स्लाइडवर’च्या आधी हे घाला : ‘आकडे तपासून देतो असं एकाने सुचवलं होतं, मला कुणी शिकवायची गरज नाही, म्हणून त्याने ते झिडकारलं होतं.’ नाहक रूपात त्याच जागी : ‘आकडे त्याला ऐनवेळी दुसऱ्या विभागाकडून आले होते, तपासायला वेळ मिळाला नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं.’ लांबी जवळपास तीच, जागा तीच, फजिती तीच. बदललं ते फक्त कारण. प्रत्येक प्रसंगाची अशी दोन्ही रूपं लिहा.

*सावधान :* पात्रांना आडनाव देऊ नका. आपल्याकडे आडनाव वाचलं की जात कळते, नुसत्या नावावरून धर्म कळतो, आणि उत्तर त्या हिशेबाने बदलतं. ‘एक सहकारी’, ‘समोरच्या इमारतीतला एक शेजारी’ एवढं पुरे. पुरुष आणि स्त्री पात्रं निम्मी-निम्मी ठेवा, आणि सगळी वरचढ पात्रं पुरुषच झाली नाहीत ना ते पाहा.

*सावधान :* मृत्यू, गंभीर आजार, अपघात नकोत. जवळपास सगळे ‘अजिबात नाही’वर खूण करतील आणि फरकच मोजता येणार नाही. राजकीय नेते आणि क्रिकेटचे संघही नकोत. लीच आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये डच विद्यार्थ्यांना जर्मन फुटबॉल संघाच्या हरण्याबद्दल विचारलं, ते गटागटांतलं वैर अभ्यासण्यासाठी. तुमचा विषय तो नसेल तर प्रसंगात पक्ष किंवा संघ आला की मोजली जाते ती निष्ठा.

प्रत्येक प्रसंगानंतर प्रश्न या क्रमाने : आधी सुखाची तीन विधानं आणि सहानुभूतीची दोन, एकमेकांत मिसळून. ‘वाचताना किंचित हसू आलं’, ‘त्याच्याबद्दल वाईट वाटलं’, ‘मनातून बरं वाटलं’, ‘त्याला धीर द्यावासा वाटला’, ‘मजा वाटली’. त्यानंतर शेवटी एकच : ‘जे झालं त्याला तो स्वतः किती जबाबदार होता?’ हा प्रश्न आधी आला तर उत्तर देणाऱ्याला आनंदासाठी आयतं निमित्त मिळतं.

उत्तराची पट्टी ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत, पाच किंवा सात पायऱ्यांची ठेवा. सहमत-असहमत इथे नको; भावनेची तीव्रता शून्यापासून सुरू होते.

आणि सहानुभूतीचे गुण उलटे करून आनंदात मिळवू नका. ही चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगावी लागते. माणसाला एकाच वेळी हसूही येतं आणि वाईटही वाटतं. दोन बेरजा वेगळ्या ठेवा.

५. विधानं लिहिणं

दहा हवी असतील तर तीस लिहा. काही बिघडलेले नमुने आणि त्यांची दुरुस्ती :

‘इतरांच्या अपयशाने मला आनंद होतो आणि मी तो मित्रांना सांगतो.’ दोन गोष्टी एका वाक्यात. वाटणं वेगळं, सांगणं वेगळं. तोडा.

‘मला कधीकधी दुसऱ्याच्या चुकांवर हसू येतं’, आणि उत्तराची पट्टी पुन्हा ‘कधीच नाही ते नेहमी’. कधीकधी नेहमी? ‘कधीकधी’ काढून टाका.

‘वाईट माणसांचं वाईट झालेलं मला आवडतं.’ याला कोण नाही म्हणेल? इथे न्यायबुद्धी मोजली जाते. न्यायाचा उपगट हवाच असेल तर तो वेगळा ठेवा.

‘दुसऱ्याच्या फजितीने मला आनंद होत नाही.’ नकारार्थी विधानाला ‘असहमत’ म्हणताना लोक अडखळतात. उलट गुणांकनासाठी नकार घुसवण्यापेक्षा ते टाळलेलंच बरं.

जमलेलं विधान असं दिसतं : ‘नेहमी पहिला येणारा एखादा मागे पडला की मला मनातून बरं वाटतं.’

६. तज्ज्ञांकडून आणि वाचकांकडून तपासून घ्या

तज्ज्ञांना व्याख्या द्या आणि प्रत्येक विधान ‘अत्यावश्यक’ आहे का ते विचारा. लॉशे यांच्या १९७५च्या सूत्रात ‘अत्यावश्यक’ म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांचा निम्मा आकडा वजा करतात आणि त्याच निम्म्याने भागतात. दहापैकी नऊ जण हो म्हणाले तर (९ − ५) ÷ ५ = ०.८०. दहा तज्ज्ञांसाठी लॉशेंच्या तक्त्यातली मर्यादा ०.६२ आहे, म्हणजे विधान राहिलं. पाचच तज्ज्ञ घेतले तर पाचही जणांचं एकमत लागतं. गाईडने सुचवलेले तीन मित्र म्हणजे तज्ज्ञमंडळ नव्हे.

मग सहा-सात सामान्य वाचकांना प्रश्नावली मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक विधानाशी थांबून विचारा, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ विधान दोनदा वाचावं लागलं की त्यावर फुली.

७. खरं उत्तर मिळेल अशी सोय करा

- फॉर्मचं नाव ‘रोजच्या प्रसंगांवरच्या प्रतिक्रिया’ असं काहीतरी ठेवा. विषय पूर्ण लपवायचा नाही, पण कपाळावर चिकटवायचाही नाही.
- ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद करा. नाव, हजेरी क्रमांक, मोबाइल नंबर मागू नका.
- शिकवणाऱ्या शिक्षकाने वर्गात फॉर्म भरून घेऊ नये. अंतर्गत गुणांच्या मोबदल्यात तर मुळीच नाही.
- सुरुवातीची सूचना तटस्थ हवी : ‘अशा प्रसंगी माणसांना निरनिराळं वाटतं. तुम्हाला जे वाटलं ते नोंदवा.’ ‘प्रामाणिकपणे उत्तरं द्या’ म्हटलं की माणूस सावध होतो.

जोडीला सामाजिक इष्टतेची, म्हणजे लोकांत बरं दिसेल असं उत्तर देण्याच्या कलाची, मापनी घ्या. मार्लो-क्राउन यांची मूळ मापनी ३३ विधानांची आहे, तिची छोटी रूपंही वापरात आहेत. ज्या विधानाचा तिच्याशी संबंध आनंदाच्या बेरजेशी असलेल्या संबंधापेक्षा जास्त निघेल, ते काढा. इष्टतेचे गुण सरळ वजा करून ‘शुद्ध’ गुण मिळाले असं मात्र समजू नका. काही माणसं खरोखरच चांगली असतात.

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी डेटा घेण्याआधी मिळवा. सहभागी १८ वर्षांवरचे घ्या, संमती लेखी घ्या. खोटी बातमी किंवा बनावट मुलाखत दाखवणार असाल तर शेवटी सत्य सांगणं बंधनकारक समजा.

८. माणसं किती आणि कोणती?

पूर्वचाचणी ४०-५० जणांवर घ्या. इथे प्रसंगांची दोन्ही रूपं वापरा आणि पाहा : ‘किती जबाबदार’ या प्रश्नावर दोन रूपांत ठळक फरक पडतो का? पडत नसेल तर प्रसंग पुन्हा लिहा.

मुख्य अभ्यासात मात्र प्रत्येक प्रसंगाचं एकच रूप, सगळ्यांना तेच आठ, आणि त्याच क्रमाने. प्रयोगाची सवय असलेले लोक इथे क्रम बदलून देतात. स्वभावातला फरक मोजताना तसं केलं तर क्रमामुळे पडलेला फरक माणसाच्या खात्यावर जमा होतो.

मुख्य नमुना ३००च्या आसपास हवा आणि त्यात फक्त मानसशास्त्राचे विद्यार्थी नकोत. घटकरचना, म्हणजे कोणती विधानं एकत्र एका गटात जातात ते, पडताळायला दुसरा, वेगळा नमुना लागतो. शिवाय ६०-७० जणांना तीन-चार आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्या. नावाऐवजी त्यांनीच ठरवलेल्या खुणेने जोड्या लावा. ही पुनर्चाचणी टाळून ‘स्वभाव मोजला’ असा दावा करता येत नाही. त्या दिवशीचा मूड मोजला असेल तर?

९. विश्लेषणाचा क्रम

जामोवी किंवा आर ही सांख्यिकीची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात आणि पुढचं सगळं त्यांत होतं.

आधी सफाई : सगळीकडे एकच आकडा दाबणारे आणि दोन मिनिटांत आठ प्रसंग ‘वाचणारे’ बाहेर. हे निकष डेटा पाहण्याआधीच लिहून ठेवा. मग प्रत्येक विधानाचं वितरण पाहा. बहुतेकांनी ‘अजिबात नाही’ निवडलेलं विधान फरक दाखवत नाही. पण ते आक्रमक आनंदाचं असेल तर लगेच फेकू नका, तिथे मोजकेच लोक वर असणं स्वाभाविक आहे.

घटक किती, हे ठरवायला ‘एकपेक्षा मोठं आयगेन मूल्य’ हा जुना नियम सोडा, तो घटक फुगवतो. समांतर विश्लेषण वापरा, म्हणजे तुमच्या डेटाची यादृच्छिक डेटाशी तुलना. परिभ्रमण तिरकस, म्हणजे घटकांना एकमेकांशी संबंध ठेवू देणारं ठेवा, कारण स्पर्धेतला आणि आक्रमक आनंद एकमेकांशी निगडित असणारच. विधान-बेरीज सहसंबंध ०.३०च्या खाली गेला की विधान संशयित. विश्वसनीयतेसाठी, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते दाखवायला, अल्फासोबत ओमेगाही द्या, आणि प्रत्येक उपगटाचा वेगळा. अल्फा ०.९५ आला म्हणून पेढे वाटू नका. एकच वाक्य दहा वेळा विचारलंत की काय ते आधी बघा.

प्रसंगांच्या गुणांसाठी मिश्र प्रारूप बांधा. एकूण फरकातला किती भाग माणसामुळे, किती प्रसंगामुळे, ते वेगळं काढा. माणसाचा वाटा नगण्य निघाला तर वैयक्तिक फरकाबद्दल सांगण्यासारखं तुमच्याकडे काही नाही, आणि तसंच लिहा. वाटा पुरेसा असेल तर ‘किती जबाबदार’चे गुण, त्या माणसाच्या स्वतःच्या सरासरीपासून किती वर-खाली आहेत या रूपात, प्रारूपात घाला. आता प्रत्येकाचे दोन आकडे मिळतात : त्याची एकूण पातळी आणि त्याचा उतार, म्हणजे समोरचा जबाबदार वाटला की त्याचा आनंद किती वाढतो. एखाद्याची पातळी कमी पण उतार तीव्र, तो न्यायप्रिय. दुसऱ्याची पातळी जास्त आणि उतार सपाट. त्याला कारणाशी देणंघेणंच नाही. साध्या बेरजेत हे दोघं शेजारी बसतात. फक्त आठच प्रसंगांवरून काढलेला उतार डळमळीत असतो, म्हणून तो गटाच्या पातळीवरच वापरा.

१०. दुसरंच काही मोजलं नाही ना?

कोणत्या मापनीशी कोणत्या दिशेने संबंध यावा, ते डेटाआधी लिहा. द्वेषपूर्ण असूयेशी धन (लँग आणि क्रुसियस यांच्या २०१५च्या मापनीत ती प्रेरक, म्हणजे स्वतःला पुढे जायला लावणाऱ्या असूयेपासून वेगळी मोजतात), डेव्हिस यांच्या २८ विधानी मापनीतल्या सहानुभूतीच्या उपगटाशी ऋण, जोन्स आणि पॉलहस यांच्या २७ विधानी मापनीतल्या काळ्या गुणत्रयीशी (धूर्त डावपेच, आत्मप्रौढी आणि निर्दयता) धन.

खरी कसोटी क्रूरपणाच्या मापनीशी आहे. समजा सहसंबंध ०.६० आला, तुमची विश्वसनीयता ०.७० आणि त्या मापनीची ०.७५. दिसायला ०.६० म्हणजे ‘संबंधित पण वेगळं’. मोजमापातल्या त्रुटीची दुरुस्ती करा : ०.६० भागिले (०.७० × ०.७५)चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ०.८३. आता ‘वेगळं’ म्हणणं अवघड आहे. पहिल्या टप्प्यावर परत जा आणि ‘मी बिघडवलेलं नाही’ ही अट विधानांतून कुठे निसटली ते शोधा.

*सावधान :* ‘पुरुषांना जास्त आनंद होतो’ हा निष्कर्ष काढण्याआधी मापनी स्त्री-पुरुषांत सारखीच चालते का, ते बहुगट घटक विश्लेषणाने तपासा. ‘हसू आलं’ हे दोघांनी सारख्याच मोकळेपणाने कबूल केलं असेल, असं गृहीत धरू नका.

११. लिहिताना

‘उच्च’, ‘मध्यम’, ‘निम्न’ असे गट पाडू नका; त्यासाठी लागणारे मानदंड तुमच्याकडे नाहीत. सहभागी व्यक्तीने स्वतःचे गुण मागितले तर एकट्याला आकडा देऊ नका, गटाचा निकाल पाठवा. कुणी नोकरभरतीसाठी किंवा सून-जावई पाहण्यासाठी मापनी मागितली (मागतात!) तर स्पष्ट नाही म्हणा.

परिशिष्टात सगळे प्रसंग दोन्ही रूपांत, वगळलेली विधानं वगळण्याच्या कारणासह, आणि सुरुवातीची सूचना शब्दशः छापा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातल्या कुणाला हाच अभ्यास पुन्हा करायचा असेल, तर त्याला तुमच्या गाईडला फोन करावा लागता कामा नये.